‘आपण द्याल ते, सर’

गेल्या महिन्यात भाचीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. हिंजवडीच्या एका कंपनीचं ऑफर लेटर जोडलेलं आणि खाली एकच ओळ : “मामा, पॅकेज सहा लाखाचं आहे. आज संध्याकाळपर्यंत हो कळवायला सांगितलंय. कळवू ना?”

मी विचारलं, हातात किती येणार?

तिकडून उत्तर : “पन्नास हजार ना? सहा लाख भागिले बारा.”

पोरगी इंजिनिअर आहे. अवसरीच्या सरकारी कॉलेजातून चांगल्या मार्कांनी पास झाली, दोन वर्षं भोसरीत नोकरी केली. गणितात माझ्यापेक्षा दहापट हुशार. पण पगाराचं गणित तिला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, घरी तर नाहीच नाही. म्हणून ही पोस्ट लिहितोय. मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कोणी नोकरीला लागतंय किंवा नोकरी बदलतंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी सहा लाखांचं बघू.

सीटीसी म्हणजे आपला पगार नव्हे. कंपनीला आपण वर्षाला किती रुपयांना पडतो, तो आकडा. त्यात कंपनीचा खर्च आला, आपली मिळकत त्याहून कमी. भाचीच्या पत्रात बेसिक होतं महिना 25,000. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्के, म्हणजे वर्षाचे 36,000. तो सहा लाखांतच धरलेला. ग्रॅच्युइटी 14,430, तीही त्यातच. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षं झाल्याशिवाय मिळत नाही आणि आजकालची पोरं पाच वर्षं टिकतात कुठं? म्हणजे कागदावर दिलेली, हातात बहुधा न येणारी. आरोग्यविम्याचा हप्ता 9,570. आणि व्हेरिएबल 60,000, म्हणजे कंपनीला आणि साहेबाला वाटलं तर वर्षाच्या शेवटी, नाहीतर थोडे कमी, नाहीतर काहीच नाही.

हे सगळं वजा केलं की राहतात 4,80,000. महिन्याला 40,000. त्यातून भाचीचा स्वतःचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200. (फेब्रुवारीत 300.) हातात येणार 36,800.

पन्नास आणि साडेछत्तीस. हिंजवडी-वाकडला खोलीचं भाडं, डिपॉझिट आणि घरी पाठवायचे पैसे यांचा हिशोब तिने पन्नासवर केला होता.

ही फसवणूक आहे का? नाही. सगळं पत्राच्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात लिहिलेलं होतं. पीएफचे पैसे तिचेच आहेत, विम्याचाही उपयोग आहेच. पण तक्ता वाचायचा कसा, हे ठाऊक नसलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत हो म्हणायला सांगणं, याला मी सरळ व्यवहार म्हणणार नाही.

आता माझं सांगतो. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही.

सोळा वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत पगार आणि भरतीचं काम बघितलं. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलो होतो. तिथं काय चालतं ते सांगतो, कारण अलीकडे बसणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

कोणतीही जागा भरायची म्हणजे आधी पगाराची पट्टी मंजूर होते. समजा 28,000 ते 36,000. हा वरचा आकडा उमेदवाराला सांगायचा नसतो. त्याला विचारायचं, “आत्ता किती मिळतात?” आणि मग, “अपेक्षा काय?” जो आकडा समोरून आधी येईल, त्याच्या आसपास सौदा तुटतो. उमेदवाराने 24 सांगितले की मी 28 लिहायचो. तो खूश, साहेब खूश. मी आठ हजार वाचवले म्हणून वर्षअखेरीला माझंही कौतुक.

एका सोमवारी दोन मुलं एकाच कामावर, एकाच शिफ्टला रुजू झाली. एक परभणीकडचा, एक पिंपरीचा. डिग्री सारखी, अनुभव सारखा. उलट परभणीच्याचं काम मला जास्त पक्कं वाटलं होतं. त्याला अपेक्षा विचारली तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, “आपण द्याल ते, सर.” मी 28 लिहिले. पिंपरीच्या मुलाचे वडील स्वतः कंपनीत नोकरीला होते. तो म्हणाला, या कामाला इकडे चौतीस-पस्तीस चालू आहे, मला पस्तीस पाहिजेत. त्याला 33 वर आणलं.

फरक महिना पाच हजार. लहान वाटतो ना? पण पुढची वाढ टक्क्यांत मिळते. दोघांनाही दरवर्षी आठ टक्केच वाढ धरली, तरी दहा वर्षांत हा फरक साधारण 8 लाख 69 हजारांचा होतो. पीएफमधला फरक वेगळा. पुढच्या कंपनीत “आत्ता किती मिळतात?” विचारल्यावर होणारा फरक आणखी वेगळा. एका मुलाखतीतल्या एका वाक्याची किंमत एवढी.

चौथ्या वर्षी कुणीतरी प्रिंटरवर आपली पगाराची स्लिप विसरलं आणि परभणीच्या मुलाला कळलं. तो माझ्याकडे आला. आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच विचारलं, “साहेब, मी कशात कमी होतो?”

मी म्हणालो, “तू मागितलं नाहीस.”

उत्तर खरंच होतं. त्याने मान हलवली आणि गेला. सहा महिन्यांनी नोकरीही सोडली. पण त्या रात्री घरी जेवण गेलं नाही. कारण त्याने मागितलं नव्हतं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की किती मागायचं हे त्याला माहीत असण्याचा काही मार्गच नव्हता. त्याच्या गावात त्या कामाचा दर सांगणारं कोणी नव्हतं. दुसऱ्याच्या घरी होतं. मी हुशारीला पगार दिला नव्हता, ओळखीपाळखीतल्या माहितीला दिला होता.

आपल्याकडे ‘वाटाघाटी करायला शिका’ असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. आत्मविश्वास ठेवा, डोळ्यांत बघून बोला, वगैरे. चांगलं आहे. पण मेथीची जुडी पंधराला मागणारी आपली आई कुठला आत्मविश्वासाचा कोर्स करून आलेली असते? तिला शेजारच्या गाळ्यावरचा भाव माहीत असतो, बस्स. भाव माहीत असला की तोंड आपोआप उघडतं.

आणि पगाराचा भाव आपण लपवून ठेवतो. गंमत बघा. लग्नाच्या बायोडाटावर ‘पुणे, आयटी, पॅकेज 14 लाख’ असं ठळक अक्षरात छापतो. मुलीकडचे चहा प्यायच्या आत पगार विचारतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या मित्राला किती मिळतात, हे विचारणं म्हणजे असभ्यपणा! सोयरिकीला आकडा चालतो, सहकाऱ्याला चालत नाही. यात फायदा कुणाचा होतो, ते सोळा वर्षं मी जवळून पाहिलंय.

सरकारी नोकरीत असं होत नाही. तलाठ्याची जाहिरात निघाली की त्यात वेतनश्रेणी छापलेली असते, 25,500 ते 81,100. गडचिरोलीचा पोरगा असो की कोथरूडचा, दोघांना फॉर्म भरायच्या आधी कळतं. लाखो पोरं सरकारी भरतीच्या मागे धावतात याची आपण टिंगल करतो, पण त्यांना तिथं ‘आपण द्याल ते, सर’ म्हणावं लागत नाही, हेही एक कारण असेल की नाही? याउलट एमआयडीसीतल्या जाहिराती बघा. ‘पगार योग्यतेनुसार’. ‘आकर्षक वेतन’. ‘पगार मुलाखतीत ठरेल’. भाजीवाल्याने ‘भाव पिशवी बघून सांगू’ अशी पाटी लावली तर आपण त्याच्याकडे जाऊ का?

बाहेरच्या देशांत यावर कायदे झालेत. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात 2021 पासून आणि न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर 2022 पासून जाहिरातीतच पगाराची पट्टी द्यावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये 2018 पासून ऑफर देण्याआधी उमेदवाराला जुना पगार विचारता येत नाही. युरोपियन युनियनने 2023 मध्ये तसाच निर्देश काढला आणि सदस्य देशांना आपापले कायदे करायला 7 जून 2026 ची मुदत दिली. तिथल्या कंपन्या काही बुडाल्या नाहीत. त्यातल्या कितीतरी कंपन्यांची ऑफिसं आपल्या हिंजवडी, खराडी, बाणेरला आहेत. म्हणजे एकच कंपनी तिकडे पगार छापते आणि इकडे विचारते, “आत्ता किती मिळतात?”

आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याबद्दल तक्रारी बऱ्याच आहेत, त्या इथं काढत बसत नाही. पण दोन गोष्टी ऑफर लेटर हातात असलेल्याने लक्षात ठेवाव्यात. एक, नियुक्तिपत्र देणं आता बंधनकारक आहे. दोन, ‘वेतना’ची व्याख्या बदलली. पूर्वी बरेच मालक बेसिक तीस-पस्तीस टक्के ठेवून बाकी रक्कम नाना भत्त्यांत दाखवायचे, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी भरावी लागते. आता भत्ते वगैरे एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून विचारा : पीएफ पूर्ण बेसिकवर कापणार की 15,000 च्या मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800? दोन्ही पद्धती चालतात. पण हातात येणारा पगार आणि म्हातारपणची पुंजी, दोन्ही त्यावर ठरतात. कुठली बरी, ते ज्याच्या त्याच्या घरच्या ओढीवर आहे. डोक्यावर कर्ज असलेल्याला मी पीएफचं प्रवचन देणार नाही.

जाहिरातीत पगार छापायची सक्ती मात्र या चारही संहितांत नाही. ती मागणी आपल्याकडून कुणी केलीच नाही. आपले आमदार-खासदार दरवर्षी रोजगार मेळावे घेतात. मेळाव्यात स्टॉल लावायचा तर फलकावर हातात येणारा पगार लिहा, एवढी अट त्यांना घालता येईल. त्याला कायदाही लागत नाही, एक पत्रक पुरेल. खेड-चाकण-मंचरकडच्या पुढच्या मेळाव्याला जाणाऱ्यांनी आयोजकांना हे विचारून बघा.

तोवर काय करायचं? भाचीला जे सांगितलं तेच इथं सांगतो.

“आत्ता किती मिळतात?” याचं उत्तर खोटं देऊ नका. पुढे स्लिप मागतात, खोटं पकडलं जातं आणि ऑफर जाते. पण लगेच जोडा की मी या कामाच्या दराप्रमाणे अपेक्षा ठेवतोय, जुन्या पगाराप्रमाणे नाही. भाचीला फोनवर हेच झालं होतं. जुनं पॅकेज साडेचार, म्हणून “तेहतीस टक्के वाढ देतोय तुम्हाला” असं ऐकवलं. ऐकायला भारी वाटतं. पण जुना पगारच कमी असला, तर त्यावरची तेहतीस टक्के वाढ म्हणजे आधीचा तोटा पुढे चालू ठेवणं झालं.

दर शोधायचा कुठं? कॉलेजचे दोन वर्षं पुढचे विद्यार्थी. त्याच कंपनीतून बाहेर पडलेला कोणी. तिने तीन जणांना फोन केले. दोघांनी सांगितलं. एकाने “कॉन्फिडेन्शियल आहे” म्हणून फोन ठेवला. हा पोरगा कॉलेजात तिच्याच नोट्स वाचून पास झालेला, पण असो.

नुसता आकडा वाढवा म्हणू नका. कुठला भाग, ते सांगा. बऱ्याचदा एचआरला एकूण आकडा वाढवायचे अधिकार नसतात, पण व्हेरिएबल कमी करून पक्का पगार वाढवायचे असतात. आईवडील विम्यात घेता येतात. रुजू व्हायची तारीख पुढे जाते. कंपनीची बस, रात्रपाळीची गाडी, हे सगळं बोलण्याचे विषय आहेत. आमच्याकडे एका मुलीने पगाराला हात न लावता फक्त दुसरी पाळी साडेदहाऐवजी दहाला सुटणारी मागून घेतली, कारण साडेदहानंतर तिच्या गावाला एसटी नव्हती. तिच्यासाठी ते पाच हजारांपेक्षा मोठं होतं.

“सहा महिन्यांनी बघू” याचा अर्थ काहीच नाही. मी स्वतः हे वाक्य शेकडो वेळा म्हटलंय आणि एकदाही बघितलेलं नाही. ईमेलमध्ये लिहून द्या म्हणायचं. नाही म्हणाले तर ते मिळणार नाही असं धरून हिशोब करायचा.

नोटीस पिरियड बघा. नव्वद दिवसांची नोटीस म्हणजे पुढच्या वेळी चांगली ऑफर आली तरी ते तीन महिने थांबतील का, हा प्रश्न. आणि बॉण्ड असेल तर नीट वाचा. ‘बॉण्ड कोर्टात टिकत नाही’ असं मित्र सांगतात, त्यावर जाऊ नका. मे 2025 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याने दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. मूळ मार्कशीट मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ घरी आणा.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. सगळीकडे वाटाघाटी होत नाहीत. कॅम्पसमधून एकदम दोनशे पोरं उचलतात तिथं पॅकेज एकच असतं, तिथं भांडून उपयोग नाही. कंत्राटदारामार्फत लाइनवर उभ्या राहणाऱ्या पोराला ‘वाटाघाटी कर’ सांगणं म्हणजे त्याची चेष्टा. तो किमान वेतन, पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयचं कार्ड एवढं मिळतंय का ते बघतो. त्याच्यापुढचा मार्ग एकट्याने मागण्याचा नाही, चार जणांनी मिळून मागण्याचा आहे. त्यावर वेगळं लिहीन.

आणि मुलींचं. मुलाने पगार वाढवून मागितला की आमच्या केबिनमध्ये म्हणायचे, पोरगा चलाख आहे. मुलीने मागितला की म्हणायचे, आत्ताच एवढी, पुढे काय करेल. याच टेबलावर बसून ऐकलंय. तेव्हा मी गप्प बसलो, हेही लिहून टाकतो.

भाचीने त्याच संध्याकाळी ईमेल केला. मी मजकूर सांगितला नाही, फक्त म्हणालो की चार ओळींच्या वर नको आणि ‘कृपया’ एकदाच. तिने लिहिलं की काम आवडलंय, यायची इच्छा आहे. व्हेरिएबलचे साठ हजार पक्क्या पगारात घ्यावेत, नोटीस साठ दिवसांची करावी आणि खोलीच्या डिपॉझिटसाठी सुरुवातीला वीस हजार द्यावेत. उत्तर द्यायला दोन दिवस मागितले.

मग दोन दिवस तिकडून काहीच नाही.

माझ्या बहिणीला हे कळलं आणि तिने फोनवर मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. “दादा, तुझ्या शहाणपणापायी माझ्या पोरीच्या हातची नोकरी जाईल” हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग. त्यानंतर माझा फोन उचलणं बंद. खरं सांगू? मलाही झोप नव्हती. चार ओळींच्या ईमेलवरून दिलेली ऑफर परत घेतलेली मी सोळा वर्षांत पाहिली नव्हती, पण पाहिली नाही म्हणजे होत नाही असं थोडंच आहे? बहिणीची भीती खोटी नव्हती. तिच्या नवऱ्याने एकदा मालकाकडे पगारवाढ मागितली होती आणि पुढच्या महिन्यात त्यांना घरी बसवलं होतं. ज्या घरात असं घडलंय, तिथं ‘मागून तर बघ’ हे सोपं वाक्य नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एचआरचा फोन आला. व्हेरिएबलमधले तीस हजार पक्क्या पगारात टाकले, भत्त्यात. म्हणजे महिना अडीच हजार, हातात 39,300. नोटीस नव्वदच राहिली, कंपनीचं धोरण आहे म्हणाले. डिपॉझिटला नकार. तिने तिथल्या तिथं हो म्हटलं नाही, सुधारित पत्र मागितलं. ते रात्री आलं, मग सही केली.

अडीच हजार म्हणजे फार मोठा विजय नाही. पण तिच्या खोलीचं निम्मं भाडं त्यात निघतंय. आणि परवा तिच्या कॉलेजच्या एका ज्युनिअर मुलीचा तिला फोन आला, तेव्हा तिने आपला सगळा तक्ता, बेसिकपासून विम्याच्या हप्त्यापर्यंत, तिला पाठवून दिला. मला विचारलंही नाही.

बहीण अजून थोडी फुगलेलीच आहे. गुढीपाडव्याला बोलेल.

तर माझ्यापासून सुरुवात करतो. 2003, भोसरी, अकाउंट्स असिस्टंट, हातात 3,500. 2010, चाकण, हातात 19,000. शेवटची नोकरी सोडली तेव्हा हातात 71,400, आणि माझ्यानंतर त्याच जागेवर आलेल्याला 84,000 मिळाले, हे मला चार महिन्यांनी कळलं. मीही मागितलं नव्हतं.

आता तुमचं लिहा. कंपनीचं नाव नको, स्वतःचं नकोच. गाव, काम, अनुभव किती वर्षांचा आणि हातात किती येतात. मंचर, राजगुरुनगर, नारायणगावची जी पोरं यावर्षी पास होतायत, ती वाचतील.